खेड्यातल्या सामायिक घरात राहायला जाण्याआधी

शहराची दगदग नको, मुलांच्या संसारात लुडबूड नको आणि मोठ्या रिकाम्या घरात एकट्याने रात्र काढणंही नको. अशा तीन 'नको'मधून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी सामायिक घराच्या विचाराशी येऊन पोचतात. विचार साधा आहे. स्वतःचं सगळं स्वतः करू शकणारी काही माणसं एका घरात किंवा एका आवारात राहतात. प्रत्येकाची खोली किंवा छोटं घर वेगळं, दाराला आपली कडी. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, बाग, कधी एखादी गाडी, हे सगळ्यांचं मिळून. इथे परिचारिका नसते, औषधांच्या वेळा दुसरं कुणी सांभाळत नाही. त्यामुळे याला वृद्धाश्रम समजून जाणारा निराश होतो.

अशा घरांबद्दल बोलताना लोक सोबतीबद्दल, गप्पांबद्दल, झाडांबद्दल भरभरून बोलतात. ते खोटं नसतं. पण घर टिकेल की मोडेल हे माझ्या मते दोन कोरड्या प्रश्नांवर ठरतं: कुणाला स्वतःचं स्वतः करता येईनासं झालं तर काय करायचं, आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचे पैसे कधी नि कसे परत मिळणार. या दोन्हींची उत्तरं आत शिरण्याआधी लेखी हवीत. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १ : आधी स्वतःची तपासणी

'मी अगदी ठणठणीत आहे' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. वैद्यकात यासाठी दोन जुन्या याद्या वापरतात. पहिली सिडनी काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९६३ सालची: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, उठून एका जागेवरून दुसऱ्या जागी बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ सालची. तिच्यात आठ गोष्टी आहेत: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार.

एका कागदावर या चौदा गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे खरं उत्तर मांडा: सहज जमतं, कष्टाने जमतं, की दुसरं कुणी करून देतं. तिसऱ्या प्रकारची उत्तरं बहुधा अनपेक्षित निघतात. ज्यांच्या हातात आयुष्यभर बँकेचा व्यवहार आला नाही किंवा ज्यांनी कधी कपडे धुतले नाहीत, त्यांची तब्येत उत्तम असते. पण सामायिक घराच्या दृष्टीने त्या जागा कच्च्या असतात. त्या शिकून घेता येतात, आणि शिकायची वेळ जाण्याआधीची. पहिल्या यादीतल्या सहापैकी एखादी गोष्टही दुसऱ्याच्या हातून होत असेल तर मात्र वेगळ्या व्यवस्थेचा विचार करा. ज्या घरात कुणाला कुणाची शुश्रूषा करायची नाही, तिथे तुमची रोजची शुश्रूषा शेजाऱ्याच्या गळ्यात पडेल.

कागद फाडू नका. पुढे वर्षातून एकदा तो पुन्हा भरायचा आहे.

पायरी २ : घराची जात ओळखा

एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार खपतात, म्हणून नीट पाहून घ्या.

एक प्रकार ब्रिटनमधल्या ॲबीफील्ड संस्थेचा. रिचर्ड कार-गॉम हे सैन्यातले अधिकारी नोकरी सोडून दक्षिण लंडनच्या बर्मंडसी भागात आले, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरकामं विनामोबदला करू लागले आणि १९५६ मध्ये त्यांनी ही संस्था काढली. हा नमुना पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत गेला. मूळ रूप असं: डझनभराच्या आतबाहेर माणसं, प्रत्येकाची आपली खोली, जेवण करून देणारी पगारी व्यक्ती आणि कारभार पाहणारे स्वयंसेवक. रोजचा स्वयंपाक आणि घराची डागडुजी यांतून सुटका हवी असणाऱ्यांना हा बरा. पण कारभार दुसऱ्यांच्या हाती असतो, हे लक्षात ठेवून जा.

दुसरा प्रकार डेन्मार्ककडून आला. तिथे १९७२ मध्ये सेटेडामेन ही सहनिवासाची वसाहत उभी राहिली, तीत तरुण कुटुंबंही होती. खास ज्येष्ठांची वसाहत १९८७ मध्ये कोपनहेगनला झाली. यात छोटी छोटी पूर्ण घरं असतात, मध्ये सामायिक घर असतं आणि कारभार रहिवासीच चालवतात. स्वातंत्र्य जास्त, बैठकाही जास्त. बैठकीचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका; हे गमतीने लिहिलेलं नाही.

खेड्यातल्या घराचं चांगलं उदाहरण स्पेनमध्ये आहे. माद्रिदच्या उत्तरेला तोर्रेमोचा दे हारामा नावाच्या लहान गावात 'त्राबेन्सोल' ही सहकारी वसाहत २०१३ पासून चालू आहे. ५४ घरं आहेत. घर कुणा एकाच्या मालकीचं नाही. सभासद संस्थेत भांडवल घालतो आणि त्याला राहण्याचा हक्क मिळतो. नव्याने येणाऱ्यासाठी तिथे वयाची वरची मर्यादाही ठेवलेली आहे. ती आपमतलबी वाटेल, पण तिच्यामागे विचार आहे. सगळे एकाच वयाचे असले तर सगळे एकदमच थकतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डनमधली 'एल्डरस्पिरिट' ही वसाहतही लहान गावातली. तिथे काही घरं मालकीची आणि काही भाड्याची ठेवली, त्यामुळे कमी पुंजी असलेल्यांनाही जागा मिळाली.

आणि सर्वांत लहान प्रकार म्हणजे तीन-चार ओळखीच्या माणसांनी मिळून घेतलेलं एकच घर. सुरू करायला हे सगळ्यात सोपं आणि धक्का बसला तर सगळ्यात नाजूक. साधं गणित पाहा. चौघांत खर्च वाटला तर प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. एक गेला की उरलेल्यांचा ३३ टक्के होतो. दहा जणांच्या घरातून एक गेला तर वाटा १० टक्क्यांवरून ११ वर जातो. म्हणून लहान घरात शिल्लक निधी मोठा लागतो. लोक नेमकं उलटं करतात: 'आपणच तर चौघं आहोत' म्हणून काहीच बाजूला ठेवत नाहीत.

पायरी ३ : गाव पाहा, मग घर

दुरून डोंगर साजरे, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. घर आवडलं की माणूस गावाकडे मऊ नजरेने पाहायला लागतो. म्हणून क्रम उलटा ठेवा.

पहिला प्रश्न गाडी चालवता येईनाशी झाल्यावरचा. तुम्ही आज चालवत असाल. आणखी काही वर्षांनी दृष्टी, गुडघे किंवा डॉक्टर नको म्हणतील. तेव्हा दवाखाना, औषधाचं दुकान, बँक आणि किराणा इथपर्यंत तुम्ही कसे पोचाल? सार्वजनिक वाहन आठवड्यातून किती वेळा येतं, शेवटचं किती वाजता परततं, हे थांब्यावर उभं राहून विचारा. घरातल्या दोघा-तिघांनाच गाडी येत असेल तर ते हळूहळू सगळ्यांचे चालक होतात आणि मनातून वैतागतात. चांगल्या घरात यासाठी लेखी नियम असतो: ठरलेल्या दिवशी ठरलेली फेरी, इंधनाचा वाटा ठरलेला, आणि त्याबाहेरची फेरी मागणाऱ्याने स्वतः जमवायची.

दुसरा प्रश्न तातडीच्या उपचाराचा, आणि इथे मिनिटांची भाषा लागते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर. त्यामुळे 'जवळचं रुग्णालय कुठे' एवढं विचारून भागत नाही. रात्री-बेरात्री स्कॅन होणारं रुग्णालय किती अंतरावर आहे, ते विचारा. हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर दाब देणं आणि विजेचा झटका यांशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिकेला अर्धा तास लागणाऱ्या गावात पहिली दहा मिनिटं घरातल्या माणसांच्याच हाती असतात. छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण किती रहिवाशांनी घेतलंय आणि झटका देणारं स्वयंचलित यंत्र घरात किंवा गावात कुठे आहे, हे विचारायला संकोच करू नका. प्रश्न ऐकून यजमान एकमेकांकडे पाहू लागले तर तेही उत्तरच आहे.

तिसरं, वीज आणि फोन. प्राणवायूचं यंत्र विजेवर चालतं. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. वीज दिवसभर गेली तर काय पर्याय आहे? मोबाइलचं नेटवर्क तुमच्या खोलीत, न्हाणीघरात आणि आवाराच्या टोकाला स्वतः फिरून तपासा. पडलेला माणूस बैठकीच्या खोलीतच पडेल असा काही नियम नाही.

चौथं, पाणी आणि सांडपाणी. शहरातून येणाऱ्यांच्या हे डोक्यातही नसतं. पाणी खासगी विहिरीचं किंवा कूपनलिकेचं असेल तर वर्षातून एकदा तरी त्याची तपासणी व्हायला हवी, जंतूंची आणि नायट्रेटची. शेतीच्या भागात नायट्रेटकडे विशेष लक्ष द्या, कारण खतं जमिनीत झिरपतात. शेवटच्या तपासणीचा कागद मागा. मैला सेप्टिक टाकीत जात असेल तर ती मूळ किती माणसांसाठी बांधली होती ते विचारा. एका कुटुंबाच्या घरात दहा जण राहायला आले की टाकी लवकर भरते. एरवी तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागणारी टाकी मग आधीच तुंबते. ओले रुमाल आणि उरलेली औषधं शौचकुपात टाकू नयेत, हा नियम अशा घरात भिंतीवर लिहिलेला असला तरी हसू नका.

हे सगळं बरोबर निघालं तरी एकदा वाईट हवामानात तिथे जाऊन या. छान दिवशी सगळीच गावं छान दिसतात.

पायरी ४ : घरात टेप घेऊन फिरा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचं आहे. तेव्हा भिंतींचा रंग राहू द्या, मापं घ्या. दाराची मोकळी रुंदी ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त हवी, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. ती खुर्ची जागेवर वळायला सुमारे दीड मीटर व्यासाची जागा लागते. न्हाणीघरात हीच जागा नेमकी कमी पडते. उताराला एकास बारा हे प्रमाण धरा. तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटीमीटर उंची असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब लागेल. 'नंतर उतार बांधू' म्हणणाऱ्याला ही लांबी अंगणात मोजून दाखवायला सांगा.

तळमजल्यावर झोपायची एक तरी खोली आणि एक न्हाणीघर असावं. वरच्या मजल्यावरची खोली मिळत असेल तर पुढे खाली यायचा हक्क कोणत्या क्रमाने मिळतो, ते विचारून ठेवा. आधाराच्या दांड्या भिंतीत पक्क्या हव्यात. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठण्याची सवय धोक्याची. रात्री खोलीपासून शौचालयापर्यंतचा रस्ता दिवा न शोधता दिसला पाहिजे.

गरम पाण्याची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. साठवणीच्या टाकीत पाणी साधारण ६० अंशांवर ठेवतात, कारण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला, २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनिया होऊ शकतो. पण ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाच सेकंदांत गंभीर भाजतं. ४९ अंशांना तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. म्हातारपणी त्वचा पातळ होते आणि हात मागे घ्यायला वेळही लागतो. म्हणून टाकी गरम, पण नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह, अशी जोडणी हवी. धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे स्वयंपाकघरातला वाजला की टोकाच्या खोलीतलाही वाजतो. दहा वर्षांपेक्षा जुना अलार्म बदलायचा असतो. तारीख त्याच्या पाठीवर छापलेली असते.

पायरी ५ : माणसं पारखा, आणि पारखू द्या

डेन्मार्कमध्ये ज्येष्ठांच्या वसाहतींचे गट घर बांधायच्या आधी अभ्यासगट म्हणून एकत्र बसतात आणि म्हातारपण, आजार, पैसा, मृत्यू यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. काही जण त्या बैठकांनंतर गळतात. माझ्या मते बैठकांचा खरा फायदा तोच. लंडनमधल्या हाय बार्नेटच्या 'न्यू ग्राउंड' या पन्नाशीपुढच्या स्त्रियांच्या वसाहतीला १९९८ पासून २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. जमीन, परवानग्या आणि पैसा यांत वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत गट एकमेकींना ओळखून होता, हा त्यातला फायदा.

तयार घरात जाणाऱ्याला एवढा वेळ मिळत नाही. निदान महिनाभर पाहुणे म्हणून राहण्याची सोय मागा, आणि ती नाकारणाऱ्या घराचा नाद सोडा. त्या महिन्यात लोक काय बोलतात यापेक्षा तीन गोष्टी पाहा: खरकटी भांडी कोण उचलतं, बैठकीत एकाच माणसाचा आवाज चालतो का, आणि घर सोडून गेलेल्यांबद्दल कसं बोललं जातं. सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलायला मिळालं तर उत्तमच. 'त्यांचं कुणाशी पटायचंच नाही' असं प्रत्येक गेलेल्याबद्दल सांगितलं जात असेल तर सावध व्हा.

तुमच्या सवयीही आधीच सांगून टाका: घोरता, पहाटे चारला उठता, ऐकू कमी येतं म्हणून टीव्ही मोठ्याने लावता, कुत्रं आहे, रात्री नातवाशी फोनवर बोलता. लपवलेली सवय आठवडाभरात उघडी पडते आणि मग ती सवय राहत नाही, फसवणूक ठरते.

पायरी ६ : कागद

इथे घाई करणाऱ्याला रोखा, मग तो तुमचा जिवलग मित्र का असेना. मैत्री आहे म्हणूनच कागद हवा.

सगळ्यात आधी, तुम्ही नेमके कोण हे स्पष्ट करून घ्या: भाडेकरू, सहमालक, सहकारी संस्थेचे सभासद, की नुसते परवानगीने राहणारे? चौघांचेही हक्क वेगळे असतात. घर एकाच्या नावावर आणि बाकीचे 'आपलेच' असतील तर मालकाच्या मृत्यूनंतर त्याचे वारस दारात उभे राहतात, आणि त्यांची चूकही नसते. स्वतःचा स्वतंत्र वकील घ्या. सगळ्यांचा मिळून एकच वकील असेल तर तो कुणाचाच नसतो.

कराराच्या मसुद्यात हे शोधा. मासिक वाट्यात काय येतं, आणि तो कोण, कधी, कसा वाढवू शकतो. छप्पर, पाण्याचा पंप, रंगकाम अशा मोठ्या खर्चांसाठी वेगळा निधी आहे का, आणि आज त्यात प्रत्यक्ष किती पैसे आहेत. आकडा सांगितला तर पासबुक मागा. खोली रिकामी राहिली तर तिचा वाटा कोण भरतो. एखाद्याने पैसे थकवले तर किती दिवसांनी काय होतं.

मग बाहेर पडण्याचं कलम. हे सगळ्यात लक्ष देऊन वाचा. किती दिवस आधी कळवायचं? तुमची रक्कम ठरावीक मुदतीत मिळणार, की नवा माणूस सापडल्यावर? 'नवा माणूस सापडल्यावर' असं लिहिलं असेल तर त्याला कमाल मुदत घालून घ्या, नाहीतर आड गावातली खोली वर्षानुवर्षं रिकामी राहू शकते. रक्कम घातली तेवढीच मिळणार की आजच्या किमतीने? आणि आजच्या किमतीने, तर ती ठरवणार कोण? नवा रहिवासी निवडताना जाणाऱ्याला मत असतं का? तुमच्या मृत्यूनंतर पैसे कुणाला आणि सामान किती दिवसांत हलवायचं? उत्तरं तोंडी मिळाली तर हसून म्हणा, 'मग लिहायला काय हरकत?'

हा करार मुलांना, निदान वारसाला वाचायला द्या. परवानगी मागायची म्हणून नव्हे. पुढे कधी तुम्ही रुग्णालयात असताना घराशी बोलायची वेळ त्यांच्यावर येईल, तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा वाचू नये एवढ्यासाठी. जुनं घर विकायची घाईही करू नका. शक्य असेल तर पहिलं वर्ष ते भाड्याने द्या.

पायरी ७ : मदत कुठपर्यंत

शेजारधर्म आणि शुश्रूषा यांच्यामधली रेघ जिथे कुणी आखलेली नसते, तिथे ती सगळ्यात मायाळू माणसाच्या अंगावरून जाते. तीच व्यक्ती रात्री उठते, तीच दवाखान्यात जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत घर सोडणारी पहिली तीच असते. हे टाळायचं असेल तर सुरुवातीलाच दोन याद्या बनवा.

एकमेकांसाठी काय करायचं त्याची पहिली यादी: आजारी माणसाला काही दिवस खोलीत जेवण पोचवणं, दवाखान्यातून परतताना सोबत, औषध आणून देणं, सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत कुणी बाहेर दिसलं नाही तर दार वाजवणं. किती दिवस, तेही लिहा. दोन आठवडे म्हणा, तीन म्हणा. आकडा असू द्या. दुसरी यादी काय करायचं नाही याची: अंघोळ घालणं, अंगावरचे कपडे बदलणं, उचलून बसवणं, औषधाची मात्रा ठरवणं, कुणाच्या बँक खात्याला हात लावणं. शेवटचं कलम दोन्ही बाजूंचं रक्षण करतं.

मदत ठरलेल्या आठवड्यांपुढे लागणार असेल तर बाहेरून पगारी मदतनीस आणायचा, त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि त्याला घरात राहता येईल का हे आधीच ठरवायचं. काही घरांमध्ये यासाठी एक पाहुण्यांची खोली राखून ठेवतात. ती सोय फार मोलाची आहे.

मग अवघड भाग. 'आता इथे राहणं जमणार नाही' हे कोण ठरवणार? शेजारी ठरवू लागले तर घराचं न्यायालय होतं. बरा मार्ग असा: पहिल्या पायरीतला चौदा गोष्टींचा कागद दरवर्षी प्रत्येकाने स्वतः भरायचा, आणि शंका असेल तर बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची, असं करारातच लिहायचं. गॅस चालू राहणं, रस्ता चुकणं, तेच बिल दोनदा भरणं अशी विसराळूपणाची लक्षणं दिसली तर कुणाशी बोलायचं, याचं नाव प्रत्येकाने आधीच देऊन ठेवावं: मुलगी, भाचा, मित्र, कुणीही. आज शुद्धीत असताना दिलेलं नाव पुढे कुणाला कुजबुजत बसावं लागू नये म्हणून असतं.

प्रत्येकाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक लिफाफा असावा: आजार, चालू औषधं, ॲलर्जी, डॉक्टर, जवळची दोन माणसं, आणि कृत्रिम श्वास वगैरे उपचारांबद्दलची लेखी इच्छा असेल तर तिची प्रत. खोलीची जादा किल्ली कुठे आहे आणि ती कुणी, कोणत्या परिस्थितीत वापरायची, हेही लिहा. किल्ली नसल्यामुळे दार फोडायची वेळ येऊ नये, आणि किल्ली आहे म्हणून कुणी कधीही आत येऊ नये.

पायरी ८ : रोजचा दिवस

भांड्याला भांडं लागणारच. बहुतेक खटके स्वयंपाकघरात उडतात, म्हणून तिथे फ्रिजचा कप्पा, फडताळाचा खण, ओटा आवरायची वेळ हे नावानिशी ठरलेलं बरं. स्टॉकहोममधल्या 'फार्डक्नेप्पेन' या चाळिशीपुढच्यांच्या इमारतीत रहिवासी गट करून आळीपाळीने सगळ्यांचा स्वयंपाक करतात. एका गटाची पाळी साधारण सहा आठवड्यांनी येते. लहान घरात एवढं जमणार नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा एकत्र जेवण ठेवावं आणि त्याची सक्ती करू नये. रोज एकत्र जेवायचा नियम केलेल्या घरात लोक पोट बरं नसल्याची कारणं देऊ लागतात.

बैठक महिन्यातून एकदा पुरे. विषय आधी लिहून लावा, वेळेचं बंधन ठेवा, प्रत्येकाला आळीपाळीने बोलू द्या. मतदानाने पाच विरुद्ध चार असा निकाल लावला तर चार जण रोज त्याच पाच जणांसमोर जेवायला बसतात, हे विसरू नका. 'हे तुम्हाला आवडतंय का' असं न विचारता 'हे काही महिने चालवून पाहिलं तर तुमचं काही बिघडेल का' असं विचारा. निर्णय बहुधा पुढे सरकतो, आणि मुदत संपल्यावर तो बदलताही येतो. पैशांचा हिशेब दर बैठकीत टेबलावर. पाहुणे किती रात्री राहू शकतात, धूम्रपान, पाळीव प्राणी, मोठे आवाज, खोलीचं तापमान हे नियम एका पानात मावले पाहिजेत.

पायरी ९ : सामान आणि पहिले महिने

खोलीचं माप घेऊन कागदावर आराखडा काढा आणि फर्निचर त्यात बसवा. जे बसत नाही ते नेऊ नका. 'तिथे कुठेतरी ठेवू' असं ज्या सामानाबद्दल म्हटलं जातं ते सामायिक खोलीत येतं आणि वाद घेऊन येतं. सामायिक जागेत काही ठेवलंच तर ते देणगी की उसनं, हे वहीत लिहा.

नव्या डॉक्टरकडे जुने कागद जाण्याआधीच पोचवा, आणि औषधांचा महिनाभराचा साठा सोबत ठेवा. पत्ता बदलल्याचं बँक, निवृत्तिवेतन, विमा, मतदार नोंदणी सगळीकडे कळवा. पुष्कळ सोयी पत्त्यावर अवलंबून असतात.

पहिले काही आठवडे माणूस उत्साहात असतो. मग एक पडका काळ येतो: जुनी गल्ली आठवते, इथल्या लोकांचे विनोद समजत नाहीत, गावातले लोक 'ते नवीन आलेले' म्हणतात. तो काळ गृहीत धरा आणि त्या महिन्यांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. गावाशी नातं जोडायला घराबाहेरचं एक ठरलेलं काम घ्या: वाचनालयात दोन तास, शाळेत मुलांचा अभ्यास, कुणाच्या शेतावर हिशेब लिहिणं. घरातल्या दहा माणसांशीच दिवसरात्र संबंध राहिला तर छोट्या कुरबुरी मोठ्या होतात. गावात ओळखी असल्या की वीज गेल्यावर दार वाजवायला जवळ कुणीतरी असतं.

तीन महिन्यांनी घराशी एक ठरलेली बैठक करा, म्हणजे ते तुम्हाला आणि तुम्ही त्यांना काय जमतंय, काय नाही ते सांगू शकाल. ही बैठक करारात चाचणीच्या काळाचा शेवट म्हणून लिहिलेली असेल तर दोघांनाही अपमान न होता मागे फिरता येतं. त्या मुदतीत ठेव रक्कम पूर्ण परत मिळण्याची अट घालून घ्या, आणि पावती जपून ठेवा.